मेंढरं कातरायला मशीन घ्यावं का? (दीडशे मेंढरं, दख्खनी)

माणदेशी_मेंढका
राम राम मंडळी. आमचा मेंढरांचा वाडा माण तालुक्यातला. दीडशेच्या आसपास मेंढरं, बहुतेक दख्खनी. पावसाच्या तोंडावरची कातरणी जवळ आलीय. कातरणारे गडी वेळेवर मिळत नाहीत, मिळाले तर मेंढरामागं मजुरी, वर जेवण. लोकर विकून ती मजुरीही निघत नाही. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघितले, दोन-तीन मिनिटांत मेंढी मोकळी होते. आमच्याकडं चांगला गडी कात्रीनं दिवसाला वीस-पंचवीस करतो. मशीन घेतली तर दोन दिवसांत कळप उरकेल का? वडील नको म्हणतात.

कात्री_आणि_पातं
भावा, मी जत भागातला. कातरणी वडिलांच्या हाताखाली शिकलो, आता कात्री आणि मशीन दोन्ही चालवतो. मशीन वाईट नाही, पण तुझा वेळ कात्रीत जातच नाही. परवा एका वाड्यावर काम केलं तिथलंच बघ. गडी उठला, कळपात शिरला, मेंढरू पळालं, पाय धरून ओढत आणलं, चारी पाय बांधले, मग कात्री हातात. कातरून झालं की सोडलं, लोकर गोळा केली, परत कळपात. निम्मा दिवस या धरापकडीतच जातो.

१८९२ साली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, जॅकी हाऊनं साध्या हातकात्रीनं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. तो आकडा मोडायला मशीनवाल्यांना १९५० उजाडलं. तिथल्या शेडमध्ये मेंढ्या कातरणाऱ्याच्या पाठीशीच कोंडलेल्या असतात. लोकर उचलायला वेगळा माणूस, पात्यांना धार लावायला वेगळा. कातरणाऱ्यानं फक्त कातरायचं. तू आधी तेवढं कर. जाळी लावून पाच-सहा मेंढरं मावतील एवढा कोंडवाडा कातरायच्या जागेला लागून घाल, आणि तो भरत राहायला घरचं एक पोरगं ठेव. मशीन न घेता फरक दिसेल.

दुसरं, पाय बांधू नको. मेंढी ढुंगणावर बसव, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकव. खुरांना जमीन लागली नाही की ती धडपडत नाही. डाव्या हातानं कातडी ताणायची आणि पातं ताणलेल्या जागेवरून न्यायचं. सुरकुतीत पातं घातलं की कातडी फाटलीच. न्यूझीलंडच्या गॉडफ्री बोवेननं हीच बैठक घोटून १९५३ साली मशीनवर ९ तासांत ४५६ मेंढ्या केल्या. त्यात मनगटाच्या जोरापेक्षा पायांची ठेवण जास्त होती. रात्रभर मेंढरांना उपाशी ठेव. भरल्या पोटी बसवलं तर त्यांना दम लागतो.

आता मशीन. तिच्या तोंडाला खाली कंगवा असतो, वर पातं हलतं. आपल्या मेंढरांच्या अंगात माणची माती, गोखरू, कुसळं. वाळूनं पात्याची धार बघता बघता जाते. बोथट पात्यावर दाब वाढवला की कंगवा तापतो आणि कातडी भाजते. म्हणून तीन-चार जादा पाती जवळ हवीत, तेल हवं, आणि रानात वीज नाही म्हणजे जनरेटरही आला. दख्खनी मेंढी वर्षाला देऊन देऊन अर्धा-पाऊण किलो लोकर देते, तीही दोन कातरणींत. परदेशी मेरिनो जात चार-पाच किलो देते. एवढ्या लोकरीवर एकट्यानं मशीन घेऊ नये. चार-पाच वाडे मिळून घेत असाल तर जरूर घ्या.

सणगराची_लेक
आमच्या घरी घोंगडी विणतात, म्हणून लोकरीच्या बाजूनं सांगते. कातरणारा घाईत एकाच जागेवरून दोनदा पातं फिरवतो तेव्हा आखूड तुकडे पडतात. पिंजताना ते उडून जातात, सुतात टिकत नाहीत. एका दमात, कातडीलगत, लांब धागा निघाला पाहिजे. कातरायच्या आदल्या दिवशी मेंढरं ओढ्याला धुवा आणि पुरती वाळू द्या. ओली लोकर पोत्यात भरली की आतून तापते, कुजते, तिला आम्ही हातही लावत नाही.

आणि कृपा करून सगळी एका पोत्यात कोंबू नका! काळी वेगळी, पांढरी वेगळी, पोटाखालची आणि शेणानं माखलेली बाजूला. कोकरांची पहिली कातरण, म्हणजे जावळ, तर स्वतंत्रच बांधा. जावळाची घोंगडी सगळ्यात मऊ होते आणि गिऱ्हाईक तीच मागतं. भाव नाही म्हणून माणसं लोकर बांधावर फेकतात ते बघून जीव तुटतो, कारण चांगल्या काळ्या जावळासाठी आम्ही दोन तालुके फिरतो.

माणदेशी_मेंढका
ताई, काळी कोकरं आहेत आमच्याकडं, जावळ बाजूला काढून ठेवतो. दादा, कोंडवाड्याचं पटलं. पण बसवून कातरायला गडी तयार होतील का? त्यांच्या हाताला पाय बांधून कातरायची सवय आहे. आणि गाभण मेंढ्यांचं काय?

कात्री_आणि_पातं
जुना गडी एका दिवसात बदलणार नाही, त्याला त्याच्या पद्धतीनं करू दे. तू स्वतः शांत, मोठ्या मेंढीवर सुरुवात कर. पहिल्यांदा वेळ जास्तच लागेल, घाई करू नको. गाभण मेंढी शेवटच्या महिन्यात असेल तर तिला बसवू नको, राहू दे.

गुरांची_डॉक्टरीण
एवढंच जोडते. कातरताना झालेली जखम पावसाळ्यात लहान समजू नका. माशी बसते आणि अळ्या पडतात. धनुर्वाताचीही भीती असते. प्रत्येक मेंढरू सोडण्याआधी हात फिरवून बघा, जखमेवर औषध लावा. कातरल्यावर गोचीड उघडे पडतात, तेव्हाच औषध मारलं तर अंगाला नीट लागतं, फक्त जखमा भरू द्या. आणि कातरलेल्या कळपावर पहिले काही दिवस पाऊस-वारा येऊ देऊ नका. आडोसा नसेल तर सगळी मेंढरं एकाच दिवशी कातरू नका, आभाळ बघून निम्मी करा.

माणदेशी_मेंढका
जाळी आहे घरात. आडोशाला ताडपत्रीही आहे. शेजारच्या दोन वाड्यांना मशीनचं विचारतो, पण या खेपेला कात्रीच. दादा, कात्रीला धार किती मेंढरांनी लावायची?

कात्री_आणि_पातं
मेंढरं मोजू नको, हाताकडं बघ. लोकर कापली न जाता पात्यांमधून दुमडायला लागली की थांब. दोन कात्र्या ठेव, एक चालू आणि एक धारेला.