छतावर सोलर असलं तरी अंधार होऊ शकतो
छतावर पॅनल आहेत म्हणजे वीज गेली तरी दवाखाना चालू राहील, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही हो. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) लाइन गेली की स्वतःही बंद पडतो, नाहीतर पॅनलची वीज लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. भर दुपारी, लख्ख उन्हात पॅनल नुसते तापत राहतात. त्यासाठी बॅटरी आणि ग्रिडशिवाय चालणारा इन्व्हर्टर लागतो. आयसीयू, ऑक्सिजन, लसींचा फ्रिज (२ ते ८ अंश) यांची वायरिंगही आधीच वेगळी काढावी लागते.

आणि बॅटरीची जागा! २०१९च्या महापुरात कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रंच बुडाली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. बॅटरी तळघरात नकोच, पूररेषेच्या वर ठेवा. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा डिझेल जनरेटर लगेच मोडीत काढू नका.