मदत हवी आहे: माळ्यावर पॉसम, तीन रात्री झोप नाही

अळूचं_फदफदं
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. माळ्यावर पॉसम शिरलाय. महिनाभर नुसती धपधप चालायची, कानाडोळा केला. सोमवारपासून मात्र रात्रभर खरवडणं, आणि मध्येच घशातून असा घोगरा आवाज काढतो की अंगावर काटा येतो. पुढच्या सोमवारी गणपती. शनिवारी सासूबाई-सासरे येताहेत आणि त्यांना द्यायची खोली नेमकी त्याच्या खाली. एजंटला दोन ईमेल केले, उपयोग शून्य. काय केलं की जाईल? "भूतदया दाखवा" छाप प्रतिसाद नकोत, उपाय हवाय. आजच्या आज.

ओटीवरचा_पाट
पॉसम म्हणजे काय? उंदराच्या जातीचा की मांजराच्या? फोटो टाका. आमच्या राजापूरच्या घरी माळ्यावर कांडेचोर येतो, म्हणजे उदमांजर. कौल सरकवून आत उतरतो आणि फणस पिकायला ठेवला की वासावर हजर. उपाय एकच. गोवरीच्या निखाऱ्यावर सुक्या मिरच्या टाका आणि धुरी माळ्यावर सोडा. पाच मिनिटांत पसार. अनुभवाचे बोल.

दोन_नंबरी_चष्मा
एजंट कसला, विम्याचा? घर कुठल्या गावात आहे, स्वतःचं की भाड्याचं, एवढं तरी लिहा की ताई. इथे कोणी अंतर्ज्ञानी नाही.

डेकवरचा_झोपाळा
आमच्या न्यू जर्सीत हे नेहमीचंच आहे. घाबरू नका, बिचारा निरुपद्रवी असतो. तोंडात ५० दात, पण चावण्यापेक्षा मेल्याचं सोंग घेण्यात पटाईत. जीभ बाहेर काढून आडवा पडतो, वर घाणेरडा वास सोडतो. हात लावू नका, थोड्या वेळाने उठून चालू लागेल. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण लावा आणि डेकखालची जागा जाळीने बंद करा.

अळूचं_फदफदं
अहो, मी मेलबर्नला आहे! माझ्या कढीपत्त्याच्या धाग्यावर सगळे होतात, म्हणून परत लिहिलं नाही. घर भाड्याचं, एजंट त्या घराचा. तो म्हणतो, हे वाइल्डलाइफ आहे, पेस्ट (म्हणजे उपद्रवी कीड) नव्हे, मालकाला विचारून कळवतो. डेक नाही. सोंगही घेत नाही, नाचतो. आणि पाटकाका, इथे पोळी जरा करपली तरी स्मोक अलार्म बोंबलतो, मिरचीच्या धुरीला अख्खा अग्निशमन बंब दारात येईल.

रातकिडा
मेलबर्न म्हटल्यावर न्यू जर्सी बाजूला ठेवू. तिकडचा ओपॉसम वेगळा, इकडचा पॉसम वेगळा. दोघं पिशवीवाले, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारे, पण नातं फार लांबचं. गोऱ्यांना इथला प्राणी तिकडच्यासारखा दिसला आणि तेच नाव चिकटलं.

मी इथे बरीच वर्षं आहे, दोनदा यातून गेलोय. आधी हे सांगा. मांजराएवढा, झुबकेदार काळसर शेपटीचा आहे, की लहान, आणि शेपटीचं टोक पांढरं? पहिला ब्रशटेल, दुसरा रिंगटेल. माळ्यावर सहसा ब्रशटेलच असतो. मुळात तो जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा, आणि अशी ढोली व्हायला झाडाला शंभर वर्षं लागतात. उपनगरात ती झाडं कुठली राहायला? मग आपलं छप्पर. रिंगटेल काटक्यांचं घरटं बांधतो. दुसरं, आत शिरायची जागा सापडली का? तिसरं, आवाज किती वाजता असतो? संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा असेल, तर ते त्याचं जाणं-येणं. रात्रभर असेल तर काहीतरी गडबड आहे.

आणि विष घालायचा विचारही नको. व्हिक्टोरियात (मेलबर्नच्या राज्यात) १९७५ च्या कायद्याने पॉसम संरक्षित आहे.

किवी_कांदाभजी
न्यूझीलंडहून, ऑकलंडमधून दंडवत. आमच्याकडे याच्या नेमकं उलटं आहे. ऑस्ट्रेलियावाल्यांनी ज्याला कायद्याने लाडावून ठेवलंय, तोच ब्रशटेल इथे शत्रू क्रमांक एक. १८३७ मध्ये फरच्या धंद्यासाठी पहिल्यांदा आणला आणि मग आवरेना. झाडं ओरबाडतो, पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, गुरांमध्ये क्षय पसरवतो. सरकारने २०५० पर्यंत याला देशातून संपवायचं ठरवलंय. त्याची फर मेरिनो लोकरीत मिसळून विणलेले मोजे मिळतात. पुढच्या वेळी येताना आणू का? इतके ऊबदार की बस्स.

खडीसाखर
किवी, संपवायचं काय, मोजे काय! आणलं माणसाने, शिक्षा जनावराला. जरा तरी लाज वाटू द्या.

किवी_कांदाभजी
खडीसाखरताई, पॉसम ठेवला तर इथले पक्षी जातात. त्यांची बाजू कोणी घ्यायची? पुण्यात बसून दया दाखवायला काही लागत नाही.

खडीसाखर
मी पुण्यात नाही, साताऱ्यात आहे. आणि माझ्या बागेतल्या वानरांना मी एक दगड मारलेला नाही, पपई गेली तरी.

दोन_नंबरी_चष्मा
अवांतर: पॉसमला मराठीत काय म्हणावं? शिशुधानी प्राणी हा गट झाला, याला स्वतःचं नाव नको? "पिशवीमांजर" कसं वाटतं?

ओटीवरचा_पाट
पिशवीमांजर ऐकून मांजर बाजाराला निघाल्यासारखं वाटतं. आणि धुरीला अलार्म वाजत असेल तर अलार्म तासभर काढून ठेवा, त्यात काय.

बांधकामवाला
मी बांधकामात आहे (ब्रिस्बेन), तेव्हा धुरी, लसूण, डांबरगोळ्या सगळं विसरा. डांबरगोळ्यांनी पॉसम जात नाही, तुमचं डोकं मात्र दुखेल. शिरायच्या जागेवर एकमार्गी झडप लावा. पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, वरून बिजागरी, बाहेरच्या बाजूला उघडणारा. आतून ढकलून बाहेर पडेल, बाहेरून आत येता येणार नाही. बाकीची भोकं जाळीने बंद. अर्ध्या दिवसाचं काम आणि कोणी पहारा द्यायला नको.

रातकिडा
झडप सरसकट नको. सप्टेंबर चालू आहे. ब्रशटेलची बहुतेक पिल्लं एप्रिल-मेच्या सुमाराला होतात, एका वेळी एकच. चार-पाच महिने पिशवीत, पुढे महिना-दोन महिने आईच्या पाठीवर. म्हणजे नेमकं आत्ता. आई एकटी झडपेतून बाहेर गेली आणि पिल्लू आत राहिलं तर? पिल्लू आत मरेल आणि आई बाहेरून कौलं उचकटेल.

बांधकामवाला
पिल्लू पाठीवर असेल तर आईबरोबरच जाईल ना. मी पाच-सहा घरांना झडपा बसवल्यात, एकदाही तक्रार नाही.

रातकिडा
तक्रार करायला पिल्लू थोडंच फोन करणार आहे?

दर्यावर्दी
पिंजरा लावा हो. हार्डवेअरच्या दुकानात भाड्याने मिळतो. आत सफरचंदाची फोड ठेवा, सकाळी पकडलेला मिळेल. गाडीत घालून पंचवीस किलोमीटरवर जंगलात सोडून या. आम्ही अंबरनाथला उंदीर असेच रेल्वेलाइनपलीकडे सोडायचो.

रातकिडा
हा इथे गुन्हा आहे. इमारतीत शिरलेला ब्रशटेल पिंजऱ्यात धरता येतो, पण सोडायचा त्याच आवारात, पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आत, त्याच दिवशी सूर्यास्तानंतर. रिंगटेलला तर परवानगीशिवाय पिंजराच नाही. लांब नेलेले बहुतेक मरतात, कारण तिथली प्रत्येक ढोली आधीच दुसऱ्या कोणाच्या मालकीची असते. आणि इथली रिकामी झालेली जागा लवकरच नवा पॉसम घेतो. म्हणजे मेहनत फुकट आणि दंड वेगळा.

फदफदंताई, माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं राहिलीत.

अळूचं_फदफदं
मांजराएवढा, शेपटी काळी आणि जाड. आवाज रात्रभर, पन्हळीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त. जागा तर केव्हाच सापडलीय, छपराच्या कडेखालची फळी कुजून फट पडली होती. नवऱ्याने सोमवारी दुपारी शिडी लावून तिच्यावर नवी फळी ठोकली. तरी आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला, म्हणून तर धागा काढला!

रातकिडा
ताई!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. पॉसम दिवसा आत झोपतो. तुम्ही दुपारी दार बंद केलंत, म्हणजे त्याला आत कोंडलंत. तीन रात्री तो अन्नपाण्याशिवाय बाहेर पडायची वाट खरवडतोय. फळी आत्ताच्या आत्ता काढा. खालची जमीन सपाट असेल तरच शिडी लावा आणि धरायला कोणीतरी हवं. फळी निघाली की लगेच बाजूला व्हा, फटीत हात घालू नका, नख्या वाईट असतात. अर्ध्या तासात बाहेर आला नाही किंवा लंगडताना दिसला, तर वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा.

बांधकामवाला
हेच म्हणत होतो. झडप लावली असती तर कोंडला नसता.

खडीसाखर
तीन दिवस उपाशी. देवा.

अळूचं_फदफदं
मला खरंच कळलं नाही हो. इतकं साधं डोक्यात आलं नाही, वाटलं दार बंद केलं की प्रश्न मिटला. नवरा रात्रपाळीला. शेजारच्या ग्रीक आजोबांचं दार वाजवते.

अळूचं_फदफदं
झालं. आजोबा सपाता घालूनच कटावणी घेऊन आले. मी शिडी धरली, त्यांनी फळी उचकटली. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग नाक, मग कान, मग अख्खं धूड बाहेर. पाठीवर पिल्लू. मुठीएवढं असेल, आईच्या केसांत तोंड खुपसून बसलेलं. कुंपणावरून सरळ आजोबांच्या नळाशी गेली आणि थेंब थेंब गळणारं पाणी किती तरी वेळ चाटत होती. आजोबा म्हणाले, हीच माझे अंजीर खाते. म्हणाले आणि नळ थोडा आणखी सोडला.

रातकिडा
सुटलो. पण फट उघडी आहे, उजाडायच्या आत परत येईल. येऊ द्या. उद्या फटीच्या तोंडाशी थोडं पीठ भुरभुरा. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास आहे, तेव्हापासून अंगणात बसा आणि आई-पिल्लू दोघं बाहेर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यानंतर पिठात फक्त बाहेर जाणारे ठसे दिसले आणि माळ्यावर टॉर्च मारून काही हललं नाही, की मगच जाळी ठोका. लाकूड नको, कुरतडेल. त्याआधी झाडावर लाकडी खोका टांगा, त्यात तिचं जुनं अंथरूण टाका. स्वतःचा वास आला की खोका पटकन आपला वाटतो. छपराला टेकलेली फांदी असेल तर कापून घ्या. भाड्याचं घर आहे, म्हणून एजंटला आधी कळवून ठेवा.

बांधकामवाला
खोका कशाला? फुकटचं भाडेकरू-प्रेम. खोका लावला की दुसरा येतो.

रातकिडा
दुसरा तसाही येणार. तो खोक्यात यावा की तुमच्या माळ्यावर, एवढंच ठरवायचं आहे.

दर्यावर्दी
कढीपत्त्याचं काय झालं शेवटी? तो पण पॉसमनेच खाल्ला असणार. मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी टाका वरून, आमच्या भाजीवाल्याकडे असते तशी.

रातकिडा
ती टाकू नका. घरच्या फळझाडांवर जाळी टाकायची तर ताणलेल्या अवस्थेत भोक ५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, असा २०२१ पासून इथे नियम आहे. वटवाघळं आणि पॉसम अडकून मरतात. बोट आरपार गेलं तर ती जाळी चुकीची. कुंडीला तर बारीक जाळीच बरी. काही जण रक्त-हाडांचं खत आजूबाजूला टाकतात, त्या वासाला पॉसम फिरकत नाही म्हणे.

अळूचं_फदफदं
रक्त-हाडांचं खत, आणि शेजारी तुळस, आणि घरी सासूबाई. तुम्हीच येऊन टाका.

पीठ तांदळाचंच चालेल ना? मोदकांची पिठी भरपूर आहे.

रातकिडा
चालेल. मोदकांना उरेल एवढी ठेवा.

अळूचं_फदफदं
अपडेट. शुक्रवारी पहाटे परत आली होती, संध्याकाळी दोघं बाहेर पडली, पण पिठावर पाऊस पडला आणि माझा धीर झाला नाही. शनिवारी सासूबाई आल्या त्या थेट अंगणात खुर्ची टाकून बसल्या. सहा वीसला बाहेर पडली, पाठीवर पिल्लू. ठसे एकाच दिशेने. आठ वाजता नवऱ्याने माळा तपासला आणि आजोबांनी जाळी ठोकली. खोका त्यांच्याच लिंबाच्या झाडावर टांगलाय, कारण आमच्या झाडाला एजंटची परवानगी लागते. काल रात्री माळ्यावर शांतता. पहाटे छपरावर थोडी धावपळ झाली, मग लिंबाकडे गेली. खोक्यात गेली का ते दिसलं नाही.

आता घरात वेगळंच सुरू आहे. सासूबाई म्हणतात, चार दिवसांवर गौरी आल्या आणि तुम्ही लेकुरवाळीला घराबाहेर काढलंत. त्यांनी कुंपणावर सफरचंदाच्या फोडी ठेवल्यात.

रातकिडा
आजींना नमस्कार सांगा, पण फोडी उचला. सवय लागली की ती रोज दारात येईल, आणि आपलं खाणं त्यांना बाधतं. तिला पाला भरपूर आहे.

ओटीवरचा_पाट
आजी बरोबर बोलतात. आमची आई पण कांडेचोराला पिल्लं असली की माळ्यावर कोणाला चढू द्यायची नाही. धुरी पिल्लं मोठी झाल्यावरच.

दोन_नंबरी_चष्मा
म्हणजे पाटकाका, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

ओटीवरचा_पाट
मला कोणी विचारलं का पिल्लं आहेत म्हणून?

अळूचं_फदफदं
आत्ताच एजंटचा ईमेल आला. "मालकांनी मंजुरी दिली आहे. माणूस मंगळवारी सकाळी ८ ते ४ मध्ये येईल, कृपया कोणीतरी घरी थांबा." याला काय उत्तर देऊ?

बांधकामवाला
येऊ दे की. कुजलेली फळी त्याच्याकडून बदलून घ्या, जाळीचे पैसेही मागा. सगळं ईमेलवरच लिहा, फोनवर नको.