गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर गिअरबॉक्स खरंच जातो का?

मिरजेची_सून

नमस्कार मंडळी. मिरज ते कोल्हापूर माझं रोजचं येणं-जाणं. गाडी 2015 सालची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. हायवेला लागलं की माझा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जातो. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनीच तसं शिकवलं होतं, "हात तयार पाहिजे" म्हणून.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. ते शेजारी बसले की हातकणंगले यायच्या आत दोनदा तरी म्हणणार, "हात काढ तिथनं, फोर्क खाशील." मला आधी वाटलं जुन्या माणसांचं काहीतरी असतं. पण हल्ली तिसऱ्यातून दुसरा टाकताना अधूनमधून करकर आवाज येतो आणि मामा काही न बोलता नुसतं माझ्याकडे बघतात. हे माझ्या हातामुळेच झालंय का?

एक्स्प्रेसवेचा_राजा

काही होत नाही हो. माझा हात कायम दांड्यावर, गाडी लाखाच्या वर पळाली, गिअरबॉक्सला पाना लागलेला नाही. सासऱ्यांना मागच्या सीटवर बसवा, आवाज आपोआप बंद होईल.

पुस्तक_वाचा_आधी

वरच्या साहेबांनी स्वतःच्या गाडीचं पुस्तक उघडलेलं दिसत नाही. स्कोडाच्या पुस्तकात स्पष्ट छापलंय की चालवताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवू नका, त्या दाबाने आतली यंत्रणा झिजते. कंपनी उगाच शाई घालवत नाही. बाकी दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, हे तर शेंबडं पोरगंही सांगेल.

कराडचा_फिटर

ताई, मामा बोलतात ते खोटं नाही. तुमच्या गाडीला ते किती लागतं, एवढाच प्रश्न आहे.

बॉक्स उघडला की दिसतं, पुढच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. तुम्ही गिअर टाकता तेव्हा चाक सरकत नाही, दोन चाकांच्या मधला स्लीव्ह, म्हणजे लोखंडी कडं, सरकतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला गोल खाच असते आणि त्या खाचेत फोर्कची, म्हणजे दांड्याने सरकणाऱ्या काट्याची, टोकं बसतात. स्लीव्ह शाफ्टबरोबर गरगर फिरत असतो, फोर्क मात्र फिरत नाही. गिअर पूर्ण पडला की स्प्रिंगने दाबलेली एक गोळी त्याला जागेवर धरते आणि फोर्क खाचेत मोकळा राहतो, दोन्ही बाजूंना बारीकशी फट ठेवून. तुम्ही वरून दांडा रेटत राहिलात की ती फट बुजते आणि फोर्क मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेणाऱ्या लोखंडाला घासत बसतो. त्यात दांडा वर लांब, खाली आखूड, म्हणजे वर लावलेला जोर खाली वाढून पोचतो. मामा म्हणतात तो "फोर्क खाणं" म्हणजे हेच. असा फोर्क हातात घेतला की टोकाला पायरी पडलेली असते, नख फिरवलं तरी लागते. फार रगडला असेल तर कडेला निळसर झाक दिसते, तापल्याची.

आता दुसरी बाजू. माणूस हात ठेवतो म्हणजे बहुतेक वेळा हाताचं वजन सरळ खाली टाकतो. ते जातं दांड्याच्या बुडाशी, तिथल्या बॉलवर आणि बुशांवर. फोर्कला लागतो तो फक्त पुढे-मागे जाणारा जोर. दुसऱ्यात आणि चौथ्यात दांडा तुमच्याकडे असतो, त्यावर हात लोंबकळला तर स्लीव्ह टेकलेलाच असतो तिकडे आणखी दाबला जातो. तिसऱ्यात-पाचव्यात दांडा पुढे असतो, तेव्हा लोंबकळणारा हात त्याला न्यूट्रलकडे ओढतो. हे जास्त वाईट. शिवाय तुमच्यासारख्या गाड्यांत दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये केबली आहेत, हाताचा थोडा जोर त्यांच्या बुशांतच जिरतो. मामांनी जन्मभर ज्या गाड्या चालवल्या त्यांचे दांडे वेगळे, झटके वेगळे आणि रोजचे तास वेगळे. त्यांचं म्हणणं तिथलं आहे.

एक गंमत सांगतो. आमच्याकडच्या जुन्या वडापच्या (शेअर प्रवासी) जीपांत ड्रायव्हर तिसऱ्यात दांडा गच्च धरून बसलेला दिसायचा. काहींनी तर ट्यूबची पट्टी कापून दांडा सीटच्या पाइपाला बांधलेला. बघणारा म्हणतो, "बघा, हात ठेवून ठेवून बॉक्स घालवला." अहो, बॉक्स आधीच गेलेला होता! स्लीव्हचे दात गोल झालेले, गोळीच्या स्प्रिंगा बसलेल्या, ॲक्सिलरेटर सोडला की गिअर निसटायचा, म्हणून बिचारा धरून बसायचा. ही उलटी गाठ लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसलीय.

आणि खरं सांगू का, नुसत्या हाताने गेलेला बॉक्स वेगळा काढून दाखव म्हणाल तर मला जमणार नाही. झिजलेले फोर्क मी पुष्कळ पाहिलेत, पण सोबत तेल कमी, नाहीतर तेल कधी बदललेलंच नाही, असंच निघतं. माझ्या गॅरेजचं भाडं हातामुळे निघत नाही, डाव्या पायामुळे निघतं. क्लचवर पाय टेकवून चालवणं, चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरणं. कुंभार्ली घाट चढून आलेल्या काही गाड्यांचा वास गाडी फाटकात यायच्या आधी येतो. रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, सगळं एकदम. हात ठेवू नका, ते चांगलंच. पण पाय आधी काढा.

तुमच्या करकरीचं आता. फक्त दुसऱ्यालाच होते की सगळ्या गिअरना? गाडी उभी करा, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तिथेही करकरलं तर क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्स गुपचूप पडला आणि दुसराच ओरडतो, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी पितळी रिंग) किंवा तेल. आणि पार्किंगमध्ये पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला जमिनीवर डाग आहे का, तेवढं बघून सांगा.

नवी_एएमटी

फिटरदादा, मी एएमटी चालवतो, म्हणजे क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी. मलाही हा नियम आहे का?

कराडचा_फिटर

तुमचा दांडा नुसता स्विच आहे हो. फोर्क सरकवायचं काम बॉक्सवरचा ॲक्चुएटर करतो. वाटलं तर त्यावर टॉवेल वाळत घाला.

मिरजेची_सून

दादा, सांगितलं तसं केलं. रिव्हर्स अगदी गुपचूप पडतो, करकर फक्त दुसऱ्याला. डागाचं मी खाली वाकून बघायच्या आधीच मामा पुठ्ठा घेऊन हजर. रात्रभर पुठ्ठा ठेवला, सकाळी डाव्या चाकाच्या आत वाटीएवढा तेलकट डाग. मामांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "इंजिन ऑइल नव्हे, गिअरचं आहे." पुढे म्हणाले, "हात काढ तरीपण."

कराडचा_फिटर

मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं नाक बरोबर आहे, गिअर ऑइलचा उग्र वास लपत नाही.

ॲक्सल जिथे बॉक्समध्ये शिरतो तिथलं ऑइल सील गेलंय. सील स्वस्त आहे, खर्च मजुरीचा. पण ते आता करून घ्या. छोट्या गाडीच्या बॉक्समध्ये साधारण दोन लिटर तेल असतं, ते थेंबाथेंबाने गेलं तर डॅशबोर्डवर दिवा वगैरे लागत नाही. तेल कमी झालं की सिंक्रो आधी ओरडतो. तोपर्यंत लांब जाऊ नका आणि दुसरा टाकताना घाई करू नका.

गॅरेजवाल्याला दोन गोष्टी सांगा. जुनं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढायचं. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी चिखल दिसेल, त्याला घाबरू नका. दाताचे तुकडे नकोत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते तेलात सोनेरी चमकीसारखं दिसतं. तसं दिसलं तर सिंक्रो रिंग झिजलीय, मग बॉक्स उतरवण्याचं बोलणं करावं लागेल. नवीन तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, आणि गाडी सपाट उभी करून लेव्हलच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरायचं.

आणि हो, भरायचा प्लग आधी सुटतो का ते बघू दे त्याला, मगच खालचा ड्रेन उघडू दे. जुन्या गाड्यांत वरचा प्लग गंजून बसतो, आणि खालचं तेल सांडून झाल्यावर ते कळलं तर गाडी तिथेच मुक्कामाला.