मदत हवी आहे: लिनक्सवर ८०५१ साठी एसडीसीसी वापरताना टायमरचा इंटरप्ट चालत नाही

नमस्कार,

मी तंत्रनिकेतनात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरची (छोट्या नियंत्रक चिपची) प्रात्यक्षिके घेतो. प्रयोगशाळेतील संगणकांवर आता उबुंटू आहे. प्रात्यक्षिकांचे जुने प्रोग्रॅम मात्र विंडोजवरील काइल या कम्पायलरसाठी (सी भाषेतील प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) लिहिलेले आहेत. काइलच्या मोफत आवृत्तीत कोडला २ किलोबाइटची मर्यादा असते, म्हणून विद्यार्थ्यांना घरीही निर्धास्तपणे वापरता येईल असा मुक्तस्रोत कम्पायलर, म्हणजे एसडीसीसी, घेण्याचे ठरवले आहे.

बोर्डवर एसटीसी ८९सी५२आरसी ही चिप आणि चिपची गती ठरवणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. एसडीसीसी उबुंटूच्या भांडारातूनच ‘ॲप्ट’ने बसवला, तयार झालेली आयएचएक्स फाइल ‘पॅकआयएचएक्स’ने हेक्समध्ये बदलली आणि ‘एसटीसीगल’ या साधनाने यूएसबी-सिरियल केबलवरून चिपमध्ये उतरवली. पोर्टवर लिहिण्याची परवानगी नसल्याची तक्रार आली होती. वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन केल्यावर ती मिटली. साधा एलईडी लुकलुकवण्याचा प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी, की टायमर शून्य मोड एकमध्ये (१६ बिटचा मोजक म्हणून) चालवून दर ५० मिलिसेकंदांनी इंटरप्ट (चालू काम थांबवून ठरावीक फंक्शन चालवायला लावणारा संकेत) घ्यायचा आहे. त्यासाठी वरच्या बाइटमध्ये ७६ आणि खालच्या बाइटमध्ये ० भरतो. इंटरप्टचे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये असून, काइलमधील ‘इंटरप्ट १’ ऐवजी दोन अंडरस्कोर लावलेला ‘इंटरप्ट’ शब्द आणि कंसात १ असे लिहिले आहे. कम्पाइल व लिंक (कम्पाइल झालेल्या फाइली एकत्र जोडणे) करताना एकही चूक दाखवली जात नाही, परंतु इंटरप्ट चालू करताच प्रोग्रॅम भरकटतो आणि कधी कधी पहिल्यापासून सुरू झाल्यासारखा वाटतो. हेच फंक्शन ‘मेन’च्या (प्रोग्रॅम जेथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) फाइलमध्ये आणले की सारे सुरळीत होते, आणि नेमके हेच कोडे आहे.

दुसरी अडचण ५×७ डॉट मॅट्रिक्सच्या प्रोग्रॅमची. त्यात २६ अक्षरांचा, प्रत्येकी ५ बाइटचा तक्ता आहे. काइलमधील ‘कोड’ हा शब्द एसडीसीसीला चालला नाही म्हणून काढून टाकला, तेव्हा अंतर्गत रॅममध्ये सलग जागा मिळत नाही, असे लिंकर सांगू लागला. चिपमध्ये ८ किलोबाइट फ्लॅश असताना जागेची टंचाई का भासावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपले टायमरचे गणित बरोबर आहे. क्रिस्टलच्या १२ स्पंदनांची एक मशीन सायकल, म्हणून दर सेकंदाला ९,२१,६०० मशीन सायकल होतात. ५० मिलिसेकंदांना ४६,०८० लागतात आणि ६५,५३६ मधून ते वजा केल्यावर उरणारे १९,४५६ म्हणजे ७६ गुणिले २५६. तेव्हा दोष टायमरमध्ये शोधू नये.

इंटरप्ट व्हेक्टरांचा (इंटरप्ट आल्यावर प्रोसेसर जेथे जातो त्या पत्त्यांचा) तक्ता एसडीसीसी ‘मेन’ असलेल्या फाइलचे भाषांतर करतानाच तयार करतो, आणि त्या क्षणी त्याला जी इंटरप्ट फंक्शने माहीत असतात तेवढ्यांचीच नोंद त्यात करतो. फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असायला हरकत नाही, परंतु त्याचा प्रोटोटाइप (फंक्शनचे स्वरूप आधी सांगणारी ओळ), इंटरप्टच्या शब्दासह आणि क्रमांकासह, ‘मेन’च्या फाइलला दिसलाच पाहिजे. तो नसेल तर टायमर शून्यच्या व्हेक्टरच्या पत्त्यावर, म्हणजे ११ व्या बाइटवर, उडीची सूचनाच नसते. प्रोसेसर तेथे पडलेला भलताच कोड चालवू लागतो. त्यामुळे भरकटणे स्वाभाविक आहे. प्रोटोटाइप हेडर फाइलमध्ये लिहून ती दोन्हीकडे समाविष्ट करावी. खात्री करायची असल्यास ‘मेन’सोबत तयार होणारी एएसएम (असेंब्ली) फाइल उघडून इंटरप्ट व्हेक्टरांच्या विभागात आपल्या फंक्शनचे नाव आले आहे का, ते पाहावे. कम्पायलरने येथे निदान एखादा इशारा द्यायला हवा होता, असे माझे मत आहे. मात्र वेगवेगळ्या फाइली स्वतंत्रपणे कम्पाइल होत असल्याने त्याला हे कळण्याचा मार्ग नसतो.

तक्त्याचा प्रश्न सोपा आहे. २६ गुणिले ५ म्हणजे १३० बाइट, आणि स्मॉल मॉडेलमध्ये (एसडीसीसीच्या नेहमीच्या स्मृती-रचनेत) साधे चल थेट पत्त्याच्या १२८ बाइटांतच बसवावे लागतात. त्यातही रजिस्टर बँक आणि इतर चल आहेतच. ‘कोड’ काढण्याऐवजी त्याच्याआधी दोन अंडरस्कोर लावावेत, म्हणजे तक्ता फ्लॅशमध्ये राहील. ‘एक्सडेटा’ आणि ‘आयडेटा’ या स्मृतीतील जागा सांगणाऱ्या शब्दांनाही हाच नियम लागू आहे.

प्रतिसाद २

वरील उत्तराला एक पुरवणी. एसडीसीसी फंक्शनमधील स्थानिक चल स्टॅकवर न ठेवता रॅममध्ये ठरावीक जागी ठेवतो. त्यामुळे एकच फंक्शन ‘मेन’मधूनही आणि इंटरप्टमधूनही बोलावले, तर एकाची मूल्ये दुसरा पुसून टाकतो. डिस्प्लेचे फंक्शन तसे वापरायचे असल्यास ते ‘रीएन्ट्रंट’ (चल स्टॅकवर ठेवणारे) म्हणून घोषित करावे, किंवा इंटरप्टमध्ये केवळ एक झेंडा (फ्लॅग, म्हणजे खूण म्हणून वापरलेला चल) उभारून उरलेले काम ‘मेन’मधील लूपमध्ये करावे. विद्यार्थ्यांना मी या दोहोंपैकी दुसरी पद्धत शिकवीन. तो झेंडा ‘व्होलाटाइल’ (दर वेळी स्मृतीतून नव्याने वाचला जाणारा) असावा. लिंक करताना ‘मेन’ची आरईएल (कम्पाइल झालेली) फाइल सर्वांत आधी द्यावी, आणि काइलसाठी बेतलेली विलंबाची लूप नव्याने मोजावीत, कारण कम्पायलर बदलला की त्यांचा वेळही बदलतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हेडरमध्ये प्रोटोटाइप घातल्यावर इंटरप्ट नियमित येत आहे आणि तक्ताही फ्लॅशमध्ये गेला आहे. विलंबाची लूप काढून त्यांच्या जागी टायमरच वापरणार आहे.