यंदा तुमच्या घराचा रुकी कोण?

प्रेषक: ताई, फार्मिंग्टन हिल्स (क्रीडा समिती)
दिनांक: रविवार, १३ ऑगस्ट २०२३

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी सुरू केलेली पद्धत यंदाही ठेवायची आहे. प्रत्येक घराने डेट्रॉइट लायन्सच्या, म्हणजे आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, नव्या भरतीतला एकच खेळाडू (रुकी) निवडायचा आणि मोसम संपेपर्यंत त्याचीच बाजू घ्यायची. मधेच बदल नाही. गेल्या वर्षी बहुतेक घरांनी एडन हचिन्सन घेतला. इथल्याच प्लिमथचा मुलगा, ॲन आर्बरला शिकलेला, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. त्याने पहिल्याच वर्षी साडेनऊ सॅक केले (म्हणजे क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, फेकण्याआधीच पाडलं) आणि आपण सगळे खूश.

यंदा मात्र चौघे आहेत आणि चौघेही लांबचे. जामिर गिब्ज, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), ड्राफ्टमधली बारावी निवड. जॅक कॅम्पबेल, लाइनबॅकर (बचावफळीच्या मधला), अठरावी. सॅम लापोर्टा, टाइट एंड, चौतिसावी. ब्रायन ब्रँच, बचावफळीत मागे खेळतो, पंचेचाळिसावी. याशिवाय खालच्या फेऱ्यांतला कोणी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी थोडक्यात सांगते. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजात खेळलेल्या मुलांची वाटणी. सात फेऱ्या असतात. आदल्या मोसमात ज्याची सगळ्यात दैना झाली, त्या संघाला प्रत्येक फेरीत पहिला मान. मुलगा कुठे जाणार हे मुलाच्या हातात नसतं.

पहिला सामना गुरुवार, ७ सप्टेंबरला रात्री ८.२० वाजता, कॅन्सस सिटीत, गतविजेत्या चीफ्सशी. त्याच दिवशी गोपाळकाला आहे. आमच्या बेसमेंटमध्ये सगळ्यांनी यावं. काला मी करते, नावं त्याआधी कळवा.


प्रेषक: दादा, नोव्हाय
दिनांक: सोमवार, १४ ऑगस्ट २०२३

ताई, आमचं नाव ब्रँच.

कारण सांगतो. हा मुलगा पहिल्या फेरीत जाईल असं बहुतेकांचं मत होतं. पहिल्या रात्री त्याचं नाव कोणी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी आपण घेतलं. पळण्याच्या चाचणीत वेग जरा कमी पडला एवढंच; अलाबामात त्याने सोडलेले टॅकल (समोरच्याला पाडण्याच्या संधी) शोधावे लागतात.

गिब्जबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बारावी निवड रनिंग बॅकवर घालवायला नको होती. त्या जागेवरच्या खेळाडूंची कारकीर्द आखूड असते, गुडघे झिजतात, पुढच्या फेऱ्यांत तसे मुलगे मिळतात. आपल्याकडे स्विफ्ट होता, त्याला आपण ड्राफ्टच्या वेळीच फिलाडेल्फियाला दिलं. जमाल विल्यम्सने गेल्या वर्षी १७ टचडाउन केले (म्हणजे चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेला), बॅरी सँडर्सचा संघातला विक्रम मोडला, तोही गेला. मुलाचा दोष नाही, पण पैसे चुकीच्या ठिकाणी लावले असं मला वाटतं.


प्रेषक: मावशी, ट्रॉय
दिनांक: मंगळवार, १५ ऑगस्ट २०२३

आम्ही लापोर्टाचे.

दादा, तू निवडीचे आकडे सांगतोस तर पुढचा धागाही बघ. आपला क्वार्टरबॅक स्टॅफर्ड आपण लॉस एंजेलिसच्या रॅम्सना दिला, तेव्हा बदल्यात क्वार्टरबॅक गॉफ आला आणि त्यांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आल्या. त्यातली यंदाची सहावी होती. ती आपण ॲरिझोनाला देऊन खाली सरकलो आणि बारावी व चौतिसावी घेतली. म्हणजे गिब्ज आणि लापोर्टा दोघेही स्टॅफर्डच्या जागी आलेले आहेत. बारा वर्षं ज्याच्यासाठी आम्ही थंडीत घसा बसवला, त्याच्या बदल्यात आलेला मुलगा परका कसा वाटेल?

आणि टाइट एंडचं काम मला फार आवडतं. लाइनीत उभं राहून अंगावर येणाऱ्याला अडवायचं आणि पुढच्याच चालीत धावत जाऊन झेल घ्यायचा. लग्नघरात एक पुतण्या असतो ना, जो सकाळी टाक्या भरतो आणि दुपारी पंगतीत वाढतो, फोटोत मात्र कडेला असतो. तसा.


प्रेषक: काका, कॅन्टन
दिनांक: बुधवार, १६ ऑगस्ट २०२३

मंडळी,

दोन दिवस वाचतो आहे. माझं नाव शेवटी सांगेन, आधी थोडं बोलू द्या.

मी १९८७ साली इथे आलो. गाड्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर काम. फुटबॉल कळत नव्हता आणि सोमवारी सकाळी कॉफीपाशी दुसरं कोणी काही बोलत नसे. १९८९च्या एप्रिलमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, तू एक नवा मुलगा धर. सगळा संघ समजायचा प्रयत्न करू नकोस, एकाच माणसाकडे बघ, तो कुठे उभा राहतो, कुठे पळतो, कोण त्याला पाडतं, म्हणजे बाकीचा खेळ आपोआप कळेल. त्या वर्षी आपली तिसरी निवड होती. पहिला ट्रॉय एकमन डॅलसला गेला, दुसरा मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच ग्रीन बेला. आपल्याला मिळाला बॅरी सँडर्स.

पाच फूट आठ इंच. माझ्याएवढाच. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि खरोखर खेळ कळत गेला. पहिल्या वर्षी चेंडू घेऊन १,४७० यार्ड पळाला. शेवटचा सामना अटलांटात. लीगमधल्या पहिल्या क्रमांकापासून तो फक्त दहा यार्ड मागे होता. सामना हातात आल्यावर प्रशिक्षकांनी त्याला विचारलं, जातोस का मैदानात? तो नाही म्हणाला. क्रमांक कॅन्सस सिटीच्या क्रिश्चन ओकोयेला १,४८० यार्डांवर मिळाला. मी तेव्हा अविवाहित, एका खोलीत राहत होतो. ही हकीकत मी आईला पत्रातून कळवली. फुटबॉल म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण तिचं उत्तर आलं की मुलगा चांगल्या घरचा दिसतो.

त्या ड्राफ्टचे पहिले पाच जण बघा: एकमन, मँडरिच, सँडर्स, डेरिक थॉमस, डीऑन सँडर्स. चौघे हॉल ऑफ फेममध्ये आहेत, मँडरिच नाही. तेव्हा इथल्या कितीतरी लोकांनी त्यालाच धरलं होतं, आपल्या राज्यात शिकलेला म्हणून. ते चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी मुलगा धरला होता, शेअर विकत घेतला नव्हता.

दादा, तुझा हिशेब बरोबर असेल. पण निवडीचा क्रमांक ही संघाची अडचण आहे, आपली नव्हे. आमोन-रा सेंट ब्राउन चौथ्या फेरीत ११२वा आला. त्याच्याआधी निवडलेल्या सोळाही रिसिव्हरांची (झेल घेणाऱ्यांची) नावं त्याला पाठ आहेत. ५ डिसेंबर २०२१ला, तोवर एकही विजय नसलेल्या त्या मोसमात, मिनेसोटाविरुद्ध घड्याळ शून्यावर जाताना गॉफने त्याच्याकडे चेंडू फेकला आणि आपण २९-२७ जिंकलो. ऑक्सफर्डच्या शाळेतल्या गोळीबाराला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. प्रशिक्षक कॅम्पबेल सामन्यानंतर त्या मुलांची नावं घेऊन बोलले. आमच्या घरात त्या दिवशी सगळे रडले. हे कुठल्याही क्रमांकावरून आधी कळलं नसतं.

माझं नाव कॅम्पबेल. खेळाडू, प्रशिक्षक नव्हे. लाइनबॅकर आहे, सगळ्यांच्या मधे उभा राहतो. या वयात मला नजर एका जागी ठेवायला तो बरा.


प्रेषक: वहिनी, रोचेस्टर हिल्स
दिनांक: शुक्रवार, १८ ऑगस्ट २०२३

काका, तुमचा मेल लेकीला वाचून दाखवला. ती आठवीत आहे, मराठी बोलते पण टाइप करायला वेळ लागतो, म्हणून ती सांगते तसं लिहिते:

"आम्ही गिब्ज घेतो. सगळे म्हणतात त्याला लवकर घेतलं. पण त्याने कुठे सांगितलं होतं लवकर घ्या म्हणून? आणि त्याचा नंबर २६ आहे. माझा वाढदिवस २६ जानेवारीला असतो. तो जिंकला तर सगळेच त्याचे होतील, म्हणून मी आत्ताच लिहून ठेवते."


प्रेषक: दादा, नोव्हाय
दिनांक: शुक्रवार, ८ सप्टेंबर २०२३

ताई, काला उत्तम झाला होता, पण मी किती खाल्ला ते आठवत नाही!

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण १४-७ मागे. माहोम्सचा चेंडू त्यांच्याच रिसिव्हरच्या हातातून उडाला आणि ब्रँचच्या हातात. पन्नास यार्ड पळत थेट एंड झोन. मुलाचा आयुष्यातला पहिला सामना! दहीहंडी फुटल्यावर खालचे सगळे भिजतात ना, तसा आवाज झाला बेसमेंटमध्ये. २१-२०. गतविजेत्यांच्या घरात. मी रात्री दोनपर्यंत तेवढीच चाल पुन्हापुन्हा बघितली.

वहिनी, गिब्जला चेंडू थोडाच मिळाला, पण मिळाला तेव्हा अंगावरचे लोक नुसते हवेत हात मारत होते. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.


प्रेषक: काका, कॅन्टन
दिनांक: रविवार, १७ सप्टेंबर २०२३

काल फोर्ड फील्डपाशी बॅरीच्या पुतळ्याचं अनावरण झालं. १९९९च्या जुलैमध्ये त्याने आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली होती. वॉल्टर पेटनच्या एकूण धावलेल्या यार्डांच्या विक्रमाला १,४५७ यार्ड उरले होते, म्हणजे त्याच्या एका मोसमाचं काम. तेव्हा मला फार लागलं होतं. बरीच वर्षं मी त्याचा विषय काढत नसे. काल पुतळा बघितला आणि ते गेलं.


प्रेषक: मावशी, ट्रॉय
दिनांक: सोमवार, १३ नोव्हेंबर २०२३

लक्ष्मीपूजन आणि चार्जर्सचा सामना काल एकाच वेळी होता. पूजा वेळेवर झाली, प्रसाद उशिरा वाटला. ३८-३८ बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, चौथा डाउन (म्हणजे शेवटची संधी), दोन यार्ड हवे. किक मारायची सोडून प्रशिक्षक कॅम्पबेलने पास टाकायला लावला आणि तो लापोर्टाकडेच टाकला. त्याने धरला. मग घड्याळ संपवून किक, ४१-३८. एवढ्या मोठ्या क्षणी चेंडू नव्या मुलाकडे द्यावासा वाटतो, यातच सगळं आलं.

वहिनी, गिब्जचे दोन टचडाउन. लेकीला फराळाचा डबा पाठवते आहे.


प्रेषक: मावशी, ट्रॉय
दिनांक: सोमवार, १५ जानेवारी २०२४

मला अजून बसल्या जागी धाप लागते आहे.

तिकडच्या पंचांगाप्रमाणे काल भोगी. बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करून ठेवली होती, जेवलो मध्यरात्री. समोर रॅम्स, त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड. आठवड्यापूर्वी मिनेसोटाविरुद्ध लापोर्टाने ८६वा झेल घेतला, नव्या टाइट एंडचा कीथ जॅक्सनचा १९८८पासूनचा ८१ झेलांचा विक्रम मागे पडला आणि त्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. मी तो खेळणारच नाही असं धरून बसले होते. तो पट्टा बांधून उतरला आणि टचडाउन केला. स्टॅफर्डच्या बदल्यात आलेल्या मुलाने, स्टॅफर्डच्या डोळ्यांदेखत. २४-२३. प्लेऑफमधला (मोसमानंतरच्या बाद फेरीतला) मागचा विजय ५ जानेवारी १९९२चा. माझा मोठा मुलगा तेव्हा रांगत होता, काल तो आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचत होता.


प्रेषक: वहिनी, रोचेस्टर हिल्स
दिनांक: सोमवार, २९ जानेवारी २०२४

मंडळी, काल रात्रीचं सगळ्यांना माहीत आहे. मध्यंतराला २४-७ पुढे होतो, शेवटी ३४-३१ हरलो. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, एवढ्या जवळ.

मी लेकीसाठी लिहिते आहे. शुक्रवारी वाढदिवसाला तिला २६ नंबरचा शर्ट दिला. पहिल्या हाफमध्ये गिब्जचा टचडाउन झाला तेव्हा ती सोफ्यावर उभी होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये गॉफकडून चेंडू घेताना त्याच्या हातून निसटला, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नायनर्सनी उचलला आणि लगेच बरोबरी केली. तेव्हापासून ती बोललेली नाही. शाळेत मुलं त्याच्याबद्दल वाईट बोलतील म्हणून आज शर्ट घालून गेली आहे. मला तिला काय सांगावं ते कळेना.


प्रेषक: काका, कॅन्टन
दिनांक: सोमवार, २९ जानेवारी २०२४

वहिनी, हे तिलाच वाचून दाखवा.

बेटा, ३१ डिसेंबर १९९४. ग्रीन बेमध्ये प्लेऑफचा सामना. माझा बॅरी त्या मोसमात १,८८३ यार्ड पळला होता. त्या दिवशी त्याला तेरा वेळा चेंडू दिला आणि तेरा वेळांचे मिळून उणे एक यार्ड झाले. उणे एक. म्हणजे घरी बसला असता तर संघ एक यार्ड पुढे असता. आपण १६-१२ हरलो. मंगळवारी ऑफिसात लोकांनी त्याच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी काही उत्तर दिलं नाही याची मला आजही रुखरुख आहे. तू आज शर्ट घालून गेलीस. मी तेव्हा तुझ्या अडीचपट वयाचा असून मला ते जमलं नव्हतं.

कालची हार एका चेंडूने झाली नाही. चौथ्या डाउनला दोनदा अडलो, सुटलेले झेल होते, आपल्याच खेळाडूच्या हेल्मेटवर आपटलेला चेंडू त्यांनी धरला. आणि ९४५ यार्ड, दहा टचडाउन पळत केलेले, टँपाविरुद्ध चौथ्या क्वार्टरमधली ती ३१ यार्डांची धाव, हे कोणी त्याच्याकडून परत घेऊ शकत नाही. तो एकवीस वर्षांचा आहे.


प्रेषक: वहिनी, रोचेस्टर हिल्स
दिनांक: मंगळवार, ३० जानेवारी २०२४

काका, तिने सांगितलेलं जसंच्या तसं:

"उणे एक मला माहीत नव्हतं. थँक यू आजोबा. पुढच्या वर्षी गिब्ज रुकी नसेल तर नियमाप्रमाणे मला नवा घ्यावा लागेल का? मला त्याला सोडायचं नाही. दोन ठेवले तर चालतील का, ताईला विचारा."


प्रेषक: ताई, फार्मिंग्टन हिल्स (क्रीडा समिती)
दिनांक: मंगळवार, ३० जानेवारी २०२४

चालतील. नियम बदलला: जुना सोडायचा नाही, दरवर्षी एक वाढवायचा.

आणि सगळ्यांसाठी: यंदाचा ड्राफ्ट २५ एप्रिलपासून तीन दिवस आपल्याच डेट्रॉइटमध्ये, कँपस मार्शियसला आहे. प्रवेश मोफत. नवा मुलगा प्रत्यक्ष समोर निवडायचा आहे. डाउनटाउनमध्ये गाडी लावायला जागा मिळणार नाही, म्हणून गाड्या वाटून घेऊ. काकांच्या व्हॅनमध्ये सहा जागा आहेत, त्यातली एक लेकीची. उरलेल्या पाचांसाठी मला कळवा.