कराराचा कोश रोमनांना मिळालाच कुठे?
वर कुणीतरी म्हटलंय की कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली ज्यूंची सोन्याने मढवलेली पवित्र पेटी) रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमच्या लुटीत रोमला नेला, पण ते जमत नाही हो. टायटसच्या आधीच, इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी जेरुसलेमच्या मंदिरात थेट परमपवित्रस्थानात घुसला तेव्हा रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो गाभारा रिकामाच होता, आणि टायटसची लूट दाखवणाऱ्या रोममधल्या त्याच्या कमानीवर कोरलाय तो सात फाट्यांचा दीपवृक्ष, कोश नाहीच. म्हणजे गेला असणार बॅबिलोनी स्वारीत, इ.स.पू. ५८६ च्या आसपास. गंमत म्हणजे बायबलात त्या लुटीची यादी आहे, फावडी-चमचेसुद्धा लिहिलेत अन् कोशाचं नावच नाही! मला वाटतं सोन्याचा पत्रा ओरबाडला असेल आणि आतलं बाभळीचं लाकूड मंदिरासोबत जळलं. बाकी इथिओपियात अक्सुमला आहे म्हणतात, पण एका राखणदार साधूशिवाय कुणालाच बघू देत नाहीत, मग काय बोलणार.