नजरेत भरलं की उचलायचं! तुम्ही काय काय साठवता?

मंडळी, मी अकाउंट्सवाला, चित्रकलेशी संबंध शाळेतल्या एलिमेंटरीपुरता, तरी हा नाद आहे म्हणून विचारतोय. माझ्याकडे नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं आहेत, बरीचशी बाबांनी कापलेली. नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांची अक्षरं बघा, नाटक रहस्यमय आहे की फार्स ते नाव वाचायच्या आधीच कळतं! सोसायटीच्या गणपतीचा फलक रंगवताना मी हीच कात्रणं समोर घेऊन बसतो. तुमचं येऊ द्या.

---

आमचं फरशी! आजोळची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सगळे भांडीकुंडी बांधत होते आणि मी पालथी पडून फरशीचे फोटो काढत होते, मामी म्हणे हिला लागलंय काहीतरी. त्या जुन्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या भट्टीत भाजत नाहीत हे मला फार उशिरा कळलं. साच्यात पत्र्याची जाळी ठेवतात, तिच्या एकेका कप्प्यात हाताने रंगीत सिमेंट ओततात, मग जाळी उचलून वर कोरडं सिमेंट टाकून प्रेसखाली दाबतात. म्हणून नीट बघितलं तर दोन रंग भेटतात तिथे रेघ किंचित फुटलेली असते. मला तीच आवडते. तिच्यावरून गोधडीचं डिझाईन केलंय, लाल-काळा-पिवळट, बॉर्डरसकट.

---

फरशीवाल्या ताई, फोटो टाका ना प्लीज. मी मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूच्या आर्ट डेको (१९३०-४० च्या धाटणीच्या) बिल्डिंगची नावं गोळा करतो, म्हणजे गेटवरची, प्लास्टरमध्ये उठावाने केलेली अक्षरं. २०१८ ला युनेस्कोच्या यादीत आल्यापासून लोक माना वर करून बघायला लागलेत, पण बघतात बाल्कन्या. वॉचमन हटकतो, अक्षरांचा फोटो म्हटलं की त्याला वाटतं बिल्डरने पाठवलाय.

---

आम्ही सिंधुदुर्गातले, आमच्याकडे आणि गोव्यात जुन्या देवळांवर कावी असते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो खरवडायचा, खालचा पांढरा दिसतो, दोनच रंगांत मोर, वेली, सगळं. एका देवळात जीर्णोद्धार म्हणून त्यावरून ऑइलपेंट मारला, चकचकीत गुलाबी. काय बोलणार. आता गावी गेलो की आधी वहीत उतरवून घेतो, फोटोपेक्षा हाताने काढलं की वेल कुठे वळते ते लक्षात राहतं.

---

लंडनहून. इथल्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, सीटचं कापड! १९३० च्या दशकात चांगले डिझायनर बोलावून ही कापडं करून घेतली होती, नक्षी गजबजलेली ठेवायची म्हणजे मळ दिसत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, आपल्या खणासारखंच की!"

---

तुम्ही थोर आहात, माझे नुसते स्क्रीनशॉट. शोधायला गेलं की बँकेचे ओटीपी आणि मधूनच एखादं पोस्टर.

---

@स्क्रीनशॉट, घेतला की तिथल्या तिथे त्यावर बोटाने दोन शब्द लिहा, काय आवडलं ते: "निळा", "मोकळी जागा", "ळ ची गाठ". नुसतं 'छान' लिहू नका, सहा महिन्यांनी काय छान होतं ते आठवत नाही. आणि ओटीपी डिलीट करा हो.